परदेशांतील आगगाडीचा प्रवास कसा आखावा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यांतील म्हसा या गांवीं खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेथील बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. गांवाला रेल्वेचें स्थानक नाहीं. मुंबईकडचा यात्रेकरू लोकलनें कल्याणला उतरतो, तेथून एस. टी.नें मुरबाड गांठतो, आणि पुढें सरळ गाडी नसेल तर तेथें दुसरें वाहन धरतो. अशा माणसास प्रवासाचें एक तत्त्व कोणीं न शिकवितां कळलेलें असतें. कल्याणची लोकल चुकली तर थोड्या वेळानें दुसरी येते; परंतु यात्रेहून परतीची शेवटची गाडी चुकली तर रात्र तेथेंच काढावी लागते. म्हणून तो शेवटच्या गाडीची वेळ आधीं विचारून ठेवतो, आणि तेथून मागें हिशेब करीत घरून निघण्याची वेळ ठरवितो.

याच भागांतील एखादें कुटुंब वृद्ध आईबापांस घेऊन सुटींत युरोप पाहावयास निघालें, तर त्यानें हेंच तत्त्व बरोबर न्यावें. गाडी किती वेगानें धावते हें कोणीहि सांगतो; प्रवास बिघडतो तो एक गाडी सोडून दुसरी धरण्याच्या सांध्यावर.

लंडनहून जिनिव्हाला जाण्याचेंच उदाहरण घ्यावें. समुद्राखालच्या बोगद्यांतून पॅरिसची गाडी 1994 सालीं सुरू झाली. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून ती सुमारें सव्वादोन तासांत पॅरिसला पोंचते. पॅरिसहून जिनिव्हा सुमारें तीन तासांवर. बेरीज सव्वापांच तास होते. पण ही बेरीज फसवी आहे. लंडनलाच पासपोर्टाची व सामानाची तपासणी होत असल्यामुळें तासदीड तास आधीं स्थानकावर जावें लागतें. पॅरिसला गाडी उतरविते ती उत्तरेकडील गार द्यु नोर स्थानकावर, आणि जिनिव्हाची गाडी सुटते ती गार द लियाँ या निराळ्या स्थानकावरून. मधलें शहर सामानासह ओलांडावयाचें. शिवाय पॅरिसचें घड्याळ लंडनच्या एक तास पुढें असतें. म्हाताऱ्या माणसांसह हा प्रवास आठनऊ तासांचाच धरला पाहिजे.

दोन गाड्यांचीं तिकिटें वेगवेगळीं काढलीं असतील, तर पहिलीला झालेल्या उशिराबद्दल दुसरी सहसा उत्तरदायी राहत नाहीं. स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरतें असतें. गाडी गेली कीं पैसेहि गेले, आणि ऐन वेळीं नवें तिकीट बरेंच महाग पडतें. सलग एकच तिकीट मिळत असेल, तर तें थोडें महाग असलें तरी घेण्यांत शहाणपण आहे.

मात्र सर्व देशांत एकच नियम लावूं नये. स्वित्झर्लंडमध्यें 1982 पासून गाड्या ठराविक अंतरानें सुटतात, आणि मोठ्या स्थानकांवर त्या एकमेकींस भेटतील अशी वेळापत्रकाची रचना असते. तेथें दहा मिनिटांचा सांधाहि पुरतो. चुकल्यास बहुधा अर्ध्याएक तासानें पुढली गाडी असते. ती कल्याणची लोकल समजावी. फ्रान्स व स्पेनमधील जलद गाड्यांस जागा राखून ठेवावी लागते. त्यांस यात्रेहून परतीची शेवटची गाडी समजून वागावें.

स्थानकाच्या नांवाकडेहि लक्ष हवें. शहापूरला जाणारा माणूस आसनगांवला उतरतो, हें ठाणें जिल्ह्यांत कोणास सांगावें लागत नाहीं. व्हेनिसला जाणाऱ्यास मात्र सांगावें लागतें कीं, मेस्त्रे हें स्थानक अलीकडे मुख्य भूमीवर आहे आणि पाण्यांतील शहरासाठीं सांता लुचियापर्यंत जावयाचें. ब्रसेल्सला मिदी आणि झाउद हीं एकाच स्थानकाचीं दोन भाषांतील नांवें आहेत.

सर्व गाड्यांस चालणारा पास घेतला कीं स्वस्त पडतें, ही समजूतहि तपासून घ्यावी. जपानचा सात दिवसांचा साधा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्यें 29,650 येनांवरून 50,000 येनांवर गेला. तोक्यो ते ओसाका हें जलद गाडीचें भाडें एका बाजूस सुमारें 14,000 येन आहे. केवळ तेवढेंच जाऊन येणाऱ्यास पास घेणें तोट्याचें. आधीं मार्ग ठरवावा, सुट्या भाड्यांची बेरीज करावी, मग पासाचा विचार करावा.

युरोपांत रेल्वेचें वेळापत्रक दर डिसेंबरांत बदलतें. मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळेंच एक तास पुढेंमागें होतात. म्हणून मागल्या वर्षीं कोणी जाऊन आलेल्याच्या टिपणावर विसंबूं नये.

ज्या गाडीमागें त्या दिवशीं दुसरी गाडी नाहीं, तिच्यावर प्रवास टांगूं नये. तिच्या आधींची धरावी. स्थानकांवर हमाल बहुधा मिळत नाहीं, म्हणून प्रत्येकानें आपल्याला उचलेल एवढेंच सामान घ्यावें. दिवसाला एकच मोठा सांधा ठेवावा. चार शहरांऐवजीं तीन पाहिलीं तरी घरचीं म्हातारीं माणसें न दमतां परततात. आणि त्यांच्यासाठींच तर हा खर्च केलेला असतो.