व्हॉल्यूमचे बटण कितीचे बसवावे?

विद्युत गिटार वाजविणाऱ्या कलावंताच्या पायाशी धातूच्या लहान पेट्या ठेवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. पायाने कळ दाबली की गिटारचा स्वर फाटका, घुमणारा किंवा थरथरता होतो. या पेट्यांना पेडल म्हणतात. समजा, असे एक पेडल तुम्ही घरी बनविले. व्हॉल्यूमचे बटण पूर्ण फिरविले की आवाज खणखणीत येतो. पण मागे आणले की तो लहान तर होतोच, शिवाय बोथटही होतो. असे का व्हावे?

बटणाच्या आत रोधाची एक पट्टी असते आणि तिच्यावरून एक स्पर्शक सरकतो. पट्टी ५०० किलोओहमची आहे आणि स्पर्शक रोधाच्या मध्यावर आहे असे धरा. वर २५० आणि खाली २५० किलोओहम. बाहेरून पाहता हे दोन्ही समांतर जोडल्यासारखे दिसतात. म्हणून पेडलचा प्रदान संरोध होतो १२५ किलोओहम, म्हणजे पूर्ण रोधाचा चौथा हिस्सा.

आता पुढची तार पाहा. मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक कंडेन्सरच बनतो. त्याची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, म्हणजे ५ मीटरला ५०० असते. अरुंद नळीने घागर भरायला वेळ लागतो, तसाच मोठ्या रोधातून हा कंडेन्सर भरायला वेळ लागतो. जलद कंपने तेवढी थांबत नाहीत, म्हणून तीच मार खातात. ही मर्यादा १ ÷ (२π × रोध × धारिता) या सूत्राने मिळते. येथे ती सुमारे २,५०० हर्ट्झ येते. स्वराची धार याच्या वरच्या कंपनांत असते!

१०० किलोओहमचे बटण घेतले, तर प्रदान संरोध २५ किलोओहम आणि मर्यादा सुमारे १२,७०० हर्ट्झ होते. आता काळजी नाही.

मग १ किलोओहमचेच का बसवू नये? कारण आधीच्या ट्रान्झिस्टरचा प्रदान संरोध १० किलोओहम असेल, तर संकेताचा केवळ अकरावा हिस्सा बटणाला मिळेल. १०० किलोओहमच्या बटणाला मात्र ११ पैकी १० हिस्से मिळतात. म्हणून साधा नियम असा: बटण आधीच्या टप्प्याच्या संरोधाच्या सुमारे दहापट असावे, त्याहून फार मोठे नको.

१९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फझ फेस’ पेडलमध्ये ५०० किलोओहमचे बटण होते. पुढे ‘ट्यूब स्क्रीमर’मध्ये १०० किलोओहमचे बटण आले आणि त्याच्यापुढे आणखी एक ट्रान्झिस्टर ठेवला गेला. तो आवाज वाढवीत नाही; फक्त प्रदान संरोध कमी करतो. त्यामुळे तार लांब असली तरी स्वराची धार टिकते.

आता तुम्हीच सांगा: बटण २५० किलोओहमचे आणि तार १० मीटरची असेल, तर मर्यादा किती हर्ट्झ येईल?