खुर्चीकडे वळण्यापूर्वी

उपाश्रयात किंवा स्थानकात प्रवचन चालू असताना मागच्या भिंतीकडे नजर टाकली, तर खुर्च्यांची रांग दिसते. एकेकाळी तेथे ऐंशीच्या घरातील वृद्धा बसत. आता अनेक ठिकाणी पंचावन्न-साठीच्या श्राविकाही त्या रांगेत दिसतात. सामायिकाची ४८ मिनिटे मांडी घालून बसणे त्यांना जमत नाही. जमिनीवर बसल्याच, तर उठताना कोणाचा तरी हात लागतो. खमासमण बसल्या जागी मान लववून पूर्ण होते. त्यांच्या श्रद्धेत काही उणे नसते. मांडीतील बळ मात्र उणे पडलेले असते. ही घसरण बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी, मासिक पाळी अनियमित होऊ लागली त्या सुमारास, कोणाच्या लक्षात न येता वाढीस लागलेली असते.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने वयाच्या ४६-४७ व्या वर्षी थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा हाडांवर तोवर एक पहारा असतो. तो उठला की झीज भरून येण्याच्या वेगापेक्षा झीज होण्याचा वेग वाढतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. याच काळात स्नायू आटतात, पोटाभोवती मेद साचतो, रक्तदाब आणि साखर वर सरकू लागते. व्यापारी कुटुंबाला हा हिशेब फार समजावून सांगावा लागू नये. हाडांचे भांडवल साधारण तिशीपर्यंत जमा होते. पुढे मुख्यतः उचल चालू राहते, आणि रजोनिवृत्तीनंतरची काही वर्षे ही सर्वांत मोठ्या उचलीची असतात.

व्यायामाचा विषय निघाला की घरोघरी एक उत्तर तयार असते: ‘‘रोज सकाळी पाऊण तास चालते की!’’ चालणे उत्तमच आहे. हृदय, साखर, झोप आणि मन या सर्वांना त्याचा लाभ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. परंतु त्याच मार्गदर्शनाचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा. सपाट रस्त्यावर चालताना हाडावर येणारा भार शरीराच्या सवयीचाच असतो. सवयीच्या भाराने हाड नव्याने बळकट होत नाही. ‘घरकामात व्यायाम होतोच’ हे म्हणणेही याच कारणाने अपुरे ठरते. वीस वर्षे तीच बादली उचलणाऱ्या हाताला ती बादली काही नवे शिकवत नाही. भार हळूहळू वाढत गेला पाहिजे, हे या व्यायामाचे मर्म आहे.

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाचा एक अभ्यास मार्गदर्शक आहे. हाडांची घनता कमी झालेल्या, रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या १०१ स्त्रिया त्यात सहभागी होत्या. सरासरी वय ६५ वर्षे. एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, जड वजने उचलण्याचा व्यायाम आठ महिने केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. कमरेच्या मणक्यांची घनता पहिल्या गटात सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि दुसऱ्या गटात १.२ टक्क्यांनी घटली. दुखापतीची नोंद होती एकच, आणि तीही पाठीच्या किरकोळ उसणीची. पासष्टीच्या वयात हाड पुन्हा भरू शकते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही.

अर्थात हे वाचून उद्या सकाळी साठवणीच्या गव्हाचे पोते उचलण्यात शहाणपण नाही. त्या स्त्रियांना प्रथम नीट उचलायला शिकवले गेले होते, आणि शिकवणारे शेजारी उभे होते. चुकीचा व्यायाम किती घातक ठरतो, हे १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांची त्यांनी पाहणी केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना पुढे नवी इजा झाली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी त्यातील इशारा आजही पाळला जातो. पाठीला बाक देऊन पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर सारा दाब येतो आणि ठिसूळ मणका तेथेच चेपतो. म्हणून हाडांची घनता बरीच कमी असलेल्या स्त्रीने पश्चिमोत्तानासन, हलासन, पोटाच्या उठाबशा आणि झटक्याने कंबर पिळणे टाळावे. सूर्यनमस्कारही जाणकाराला विचारून, बदल करूनच घालावेत. गादीखालची चादर खोचणे, खालच्या फळीवरचा डबा ओढणे ही कामे करतानाही गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी.

आपली हाडे कोणत्या अवस्थेत आहेत, हे डेक्सा तपासणीतून कळते. त्यातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर हाडे ठिसूळ झाली असे मानतात. आईचे खुब्याचे हाड मोडले असेल, पाळी पंचेचाळिशीच्या आत थांबली असेल, स्टिरॉइडची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागली असतील किंवा किरकोळ पडण्याने मनगट मोडले असेल, तर ही तपासणी व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

आरंभ घरातील खुर्चीपासूनच करता येतो. हात नसलेली, नेहमीच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर दुमडावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला १२ वेळा जमले नाही, तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. ही जशी चाचणी आहे, तसाच व्यायामही. त्याच्या जोडीला भिंतीवर तळवे टेकवून छाती भिंतीकडे नेणे व मागे येणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, जिन्याच्या एका पायरीवर चढणे-उतरणे, आणि पाठ सरळ ठेवून कापडी पिशवी जमिनीवरून उचलणे एवढे पुरते. पिशवीत प्रथम तूरडाळीची एक किलोची दोन पाकिटे ठेवावीत. आठ ते बारा वेळा उचलल्यावर शेवटची दोन आवर्तने जड वाटली पाहिजेत. तशी वाटेनाशी झाली की अर्धा किलो वाढवावे. श्वास रोखून धरू नये, जोर लावताना तो सोडावा. दोन दिवसांत एखादा दिवस विश्रांतीचा हवा. दुसऱ्या दिवशी मांड्या आंबल्यासारख्या दुखल्या तर घाबरण्याचे कारण नाही. सांध्यात कळ आली, सूज आली किंवा दुखणे दोन दिवसांहून अधिक टिकले, तर भार कमी करावा.

गुडघेदुखीसाठी सक्तीची विश्रांती हा उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की गुडघ्यावरचा ताण वाढतो. उताणे झोपून, एक पाय दुमडून, दुसरा सरळ पाय वीतभर उचलून पाच अंक मोजेपर्यंत धरणे यापासून सुरुवात करता येते. जमिनीवर बसणे-उठणे ही क्रियाही टाळण्यापेक्षा शिकावी: आधी एक गुडघा टेकवावा, दुसऱ्या मांडीवर हात ठेवून जोर घ्यावा, प्रारंभी शेजारी खुर्ची असू द्यावी.

एका गोष्टीची वाच्यता बायका सख्ख्या बहिणीजवळही करत नाहीत. खोकला आला, हसू आले, भरभर चालले की लघवीचे थेंब सुटतात. मग फिरणे बंद होते, यात्रेची बस नकोशी वाटते, लांबलेल्या प्रतिक्रमणात जीव खालीवर होतो. पाणी पिणेही कमी केले जाते, त्याने त्रास वाढतोच. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सैल पडल्याने हे घडते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली त्यांच्यासाठी व्यायाम मांडला. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखल्याप्रमाणे ते स्नायू आत-वर ओढावेत, पाच अंक धरावेत, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळू नयेत. परिणाम दिसायला तीन महिने लागतात. वजन उचलण्याच्या क्षणाआधी आणि खोकण्याआधी हे स्नायू आवळण्याची सवय लावली, तर गळती बरीच आटोक्यात येते. अंग बाहेर आल्यासारखे वाटत असेल, तर मात्र जड वजनांपूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

तप आणि व्यायाम यांचा मेळ घालणे अवघड नाही, फक्त दिवस ओळखावा लागतो. नवकारशी करणाऱ्या स्त्रीने पहाटे चालावे आणि वजनाचा व्यायाम न्याहारीनंतर तासा-दीड तासाने करावा. चौविहार असेल तर रात्रीच्या घामाने जाणारे पाणी दिवसाच भरून काढले पाहिजे. उपवासाच्या दिवशी वजने बाजूला ठेवावीत. वर्षीतप चालू असेल तर ती बियासणाच्या दिवशी घ्यावीत. अठ्ठाईनंतर आठवडाभर केवळ चालावे आणि पूर्वीच्या निम्म्या भाराने पुन्हा सुरुवात करावी, कारण लांब उपवासात मेदाबरोबर स्नायूही खर्ची पडतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या तपस्विनीने पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोललेले बरे. एरवीच्या दिवसांत शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. द्विदळाचा नियम पाळणाऱ्या घरात सकाळी दूध-दही आणि दुपारी मूग, तूर, मटकी अशी विभागणी सहज बसते; आयंबिलातही उकडलेल्या डाळी चालतात. जीवनसत्त्व बी-१२ आणि डी यांची तपासणी करून घ्यावी. शाकाहारी घरांत पहिल्याची कमतरता सर्रास आढळते, आणि घरात-दुकानात दिवस जाणाऱ्यांत दुसऱ्याची.

व्यायामाने अंगातून निघणाऱ्या गरम वाफा थांबतील, अशी खात्री शास्त्र देत नाही. झोप आणि चित्त सुधारते, एवढे नक्की. वाफा असह्य असतील तर त्यावर वेगळे उपचार आहेत. छातीत दाब, न पेलणारा दम, भोवळ ही लक्षणे व्यायाम तत्काळ थांबवण्याची आहेत. पाळी वर्षभर बंद राहिल्यानंतर थोडासाही रक्तस्राव झाला, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून न देता त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो एकट्या स्त्रीने सुटणारा नाही. सकाळी नाश्ता, डबे, दुकानावर जाणाऱ्यांची घाई, दहाला पेढी उघडायची. या वेळापत्रकात तिच्या नावाचा अर्धा तास कोणी लिहिलेला नसतो. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार ठरवून त्या अर्ध्या तासापुरता चहाचा गॅस दुसऱ्या कोणी सांभाळला, तर डाळीची ती पिशवी उचलली जाण्याचा संभव बराच वाढतो.