कॅमेरा कुणाच्या हातात?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि काही वृत्तपत्रे फोटो छापतात तो शिवाजी पार्कवरच्या कचऱ्याचा! रात्रभर रांगेत उभी राहिलेली म्हातारी त्यात नसते. फोटो काढणारा कुठे उभा आहे, यावर हे ठरते. मुंबईच्या सफाई कामगारांजवळ सुधारक ओलवे जाऊन उभे राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपली मुले लग्नसराईत कॅमेरा घेऊन धावतात. हात बसलेला असतो, पण या कलेचे रीतसर शिक्षण मिळते हे त्यांना कुणी सांगत नाही. आयटीआयमध्ये एक वर्षाचा ‘डिजिटल फोटोग्राफर’ ट्रेड आहे. तो जवळच्या संस्थेत चालतो का, हे आधी विचारावे. बारावीनंतर राज्याची कला सीईटी देऊन उपयोजित कलेच्या पदवीला जाता येते, तिथे छायाचित्रण शिकवतात. पदवीनंतर पुण्याची एफटीआयआय किंवा एनआयडीचे गांधीनगर केंद्र. प्रवेश कठीण आहे, पण राखीव जागा आहेत. त्या रिकाम्या का सोडायच्या?

आणि पालकांनो, कर्ज काढून महागडा कॅमेरा घेण्याची घाई नको. पहिले वर्षभर पोराला मोबाईलवरच उजेड ओळखायला शिकू द्या.