पाककृती आणि पत

तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत घरीच पाककलेचे वर्ग सुरू केले. त्यांचे पहिले पुस्तक निघाले १९७४ मध्ये. आधी विश्वास, मग विक्री, हा क्रम आज इंटरनेटवर पाककृती मांडून अर्थार्जन करू पाहणाऱ्या गृहिणीलाही चुकलेला नाही.

यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन लागते. तोवर किराणा, गॅस, दिवे यांचा खर्च घरचाच. अशा वेळी आपला प्रेक्षक नेमका ओळखणे हिताचे. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याने पावभाजी दाट कशी होते, चातुर्मासात पालेभाजीवाचून ताट कसे सजते, हे अचूक सांगणारीकडे प्रेक्षक पुन्हा येतो.

पुढे मसाल्यांच्या कंपन्या प्रायोजनाचा प्रस्ताव घेऊन येतात, आणि खरी कसोटी तेथेच लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोबदला घेतल्याचे स्पष्ट सांगावे लागते. पुडीवरील घटकांत लसूण असेल, तर रक्कम कितीही मोठी असो, जैन पाककृती सांगणारीने नकारच द्यावा. दुकानाची पत पिढ्यांनी जमते आणि एका खोट्या मापाने जाते. या व्यवसायातही तेच खरे.