बातमीमागचं माणूस : तेंडुलकरांचं ‘कमला’

1981 साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी स्त्रियांचा बाजार उघड करण्यासाठी एक स्त्री चक्क विकत घेतली. त्या बातमीने देश हादरला. विजय तेंडुलकरांनी त्यावरून सुचलेल्या ‘कमला’ या नाटकात प्रश्न उलटा केला : सत्य उजेडात आणताना त्या बाईचं काय?

नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव अडीचशे रुपयांत कमलाला विकत घेऊन दिल्लीला आणतो. पत्रकार परिषदेत ती फाटक्या लुगड्यातच दिसावी, असा त्याचा आग्रह असतो. तिथे काय होणार, हे तिला धड सांगितलेलंही नसतं. जमलेले पत्रकार तिला अश्लील प्रश्न विचारून हसतात. काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात होते. दरम्यान, जयसिंगने तुम्हाला कितीला घेतलं, असं कमला त्याच्या बायकोला, सरिताला निरागसपणे विचारते आणि सरिताचे डोळे उघडतात.

पत्रकारितेची आचारसंहिता संमती घ्या, इजा टाळा असं सांगते. रंगभूमी त्या नियमांना चेहरा देते. जयसिंगचा हेतू पटतो, कमलाची फरफट बघवत नाही. निवाडा प्रेक्षकालाच करावा लागतो. म्हणूनच पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात हे नाटक वाचलं, उभं केलं जायला हवं.