खुब्यातून येणारा वेग

बऱ्हाणपूरहून असीरगड वीसेक किलोमीटर. एवढं अंतर एखादी बाई एकदाही न पळता, चालत, दीड तासाच्या आत कापते असं सांगितलं तर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण ६ ऑगस्ट २०२१ रोजी, जपानमधल्या सापोरोच्या उकाड्यात, इटलीच्या अँतोनेला पाल्मिसानोने ऑलिंपिकची २० किलोमीटर चालण्याची शर्यत १ तास २९ मिनिटं १२ सेकंदांत जिंकली. म्हणजे ताशी जवळपास साडेतेरा किलोमीटर! त्या दिवशी तिचा तिसावा वाढदिवस होता. आदल्याच दिवशी पुरुषांचं सुवर्ण मास्सिमो स्तानोने नेलं होतं. तोही तिच्यासारखाच दक्षिण इटलीतल्या पुल्या प्रांतातला.

यातली खरी गंमत भौतिकशास्त्राची आहे. चालताना टेकलेला पाय सरळ राहतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीत पुढे जातं. शरीराला त्या कमानीवर धरून ठेवतं ते गुरुत्वाकर्षण. वेग वाढत गेला की ते अपुरं पडतं आणि माणूस जमिनीवरून सुटू पाहतो. पाय ८५ सेंटिमीटर लांब धरला, तर हिशेबाने ही मर्यादा ताशी सुमारे साडेदहा किलोमीटरवर येते. आपण तर सातच्या आसपासच पळायला लागतो, कारण तिथून पुढे पळणंच शरीराला सोपं जातं.

शर्यतीत ती सोय नाही. एक पाऊल तरी जमिनीवर दिसलंच पाहिजे, आणि पुढचा पाय टेकल्यापासून अंगाखाली उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. रस्त्याकडेला उभे असलेले पंच हे नुसत्या डोळ्यांनी पाहतात. प्रत्यक्षात दोन्ही पावलं सेकंदाचे काही शतांश हवेत असतात, पण एवढा क्षण डोळ्यांना टिपता येत नाही.

मग मर्यादेपलीकडचे ते तीन किलोमीटर येतात कुठून? बरेचसे खुब्यातून. पुढे जाणाऱ्या पायाबरोबर कमरेचं हाड त्याच बाजूने पुढे वळतं, त्यामुळे पाऊल लांब पडतं. त्याच वेळी ती बाजू किंचित खाली झुकते, शरीर कमी उचललं जातं आणि कमान सपाट होते. कमान जितकी सपाट, तितका जास्त वेग गुरुत्वाकर्षण सांभाळून घेतं. पावलं जवळजवळ एकाच रेषेत पडतात, तीही मिनिटाला दोनशेच्या आसपास. ही चाल बघून लोक हसतात, याचं मला वाईट वाटतं. त्या हलणाऱ्या कमरेमागे वर्षानुवर्षांचा सराव असतो.

सापोरोत सुरुवातीला काही काळ आघाडीवर होती आपली प्रियांका गोस्वामी. ती सतराव्या क्रमांकावर आली आणि पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० किलोमीटरमध्ये रौप्य जिंकलं.

पाल्मिसानोचा रस्ताही सरळ नव्हता. २०१६ साली रिओत ती चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. पुढच्या वर्षी लंडनच्या विश्वस्पर्धेत कांस्य मिळालं. शर्यतीला ती आईने शिवून दिलेलं कापडी फूल केसांत माळून उतरते. सुवर्णानंतर ज्या खुब्यावर हा सगळा वेग उभा होता, तोच दुखावला आणि २०२२ची विश्वस्पर्धा हातची गेली. २०२३मध्ये ती बुडापेस्टला परतली ती कांस्य घेऊनच, २०२४मध्ये रोमला युरोपची विजेती झाली आणि २०२५मध्ये टोकियोच्या विश्वस्पर्धेत ३५ किलोमीटर चालून, चौतिसाव्या वर्षी, रौप्य जिंकलं.