संगणकांच्या समूहातील बेरीज-वजाबाकी

पूर्णा जंक्शनवर मनमाड-सिकंदराबाद मार्गाला अकोल्याचा मार्ग येऊन मिळतो. गाडीला डबा जोडणे, काढणे हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नाही. रिकामा डबा जोडला, तर बाकीच्या डब्यांतील मालाला धक्का लागत नाही. एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहात मात्र रिकामे यंत्र जोडले तरी जवळजवळ सगळा माल हलवण्याची पाळी येऊ शकते.

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे ६४ प्रक्रियक एकमेकांना संदेश पाठवत एकच गणित वाटून घेत. पुढे अनेक स्वतंत्र संगणक तारांनी जोडून असे समूह उभे राहू लागले. गणिताबरोबर नोंदीही त्यांत वाटून ठेवतात. कोणती नोंद कुठे आहे हे प्रत्येक यंत्राला न विचारता कळायला हवे. त्यासाठी वाटणीचा नियम लागतो.

समजा, शाळेतील २० विद्यार्थ्यांच्या नोंदी ४ यंत्रांवर ठेवायच्या आहेत. सोपा नियम असा: हजेरी क्रमांकाला ४ ने भागावे, बाकी उरेल त्या क्रमांकाचे यंत्र. आता पाचवे यंत्र आले. भाजक ५ झाला. फळ्यावर करून पाहा: १, २, ३ आणि २० या चारच नोंदी जागेवर राहतात, १६ हलतात! लाखो नोंदी असतील, तर हलवाहलवीतच समूह दमून जाईल. आणि हलवणे चालू असताना कोणी नोंद मागितली, तर ती हरवल्यासारखीच.

यावरील एक सुंदर तोड अमेरिकेतील एमआयटीच्या डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. घड्याळाची तबकडी घ्या. 'क', 'ख', 'ग', 'घ' ही यंत्रे १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटांवर बसवा. हजेरी क्रमांकाला ३ ने गुणून नोंदीची जागा ठरवा (प्रत्यक्षात नोंदी विखुरणारे वेगळे सूत्र वापरतात). नोंद ज्या जागी पडेल तिथले, किंवा तिथून काट्याच्या दिशेने पुढे भेटणारे पहिले यंत्र तिचे. आता ५४ वर 'च' बसवा. १६, १७ आणि १८ या तीनच नोंदी 'घ' कडून 'च' कडे जातात. इतरांना पत्ताही लागत नाही.

यंत्र काढताना आधी त्याला नवे काम देणे थांबवतात, हातातले संपू देतात, नोंदी हलवतात आणि मग बंद करतात. 'ख' काढले, तर ६ ते १० या नोंदी 'ग' कडे जातात. 'ग' चा भार मात्र दुप्पट होतो! म्हणून प्रत्येक यंत्राला तबकडीवर एक नव्हे, अनेक जागा देतात. मग भार अनेकांत विभागला जातो.

पण यंत्र सांगून बंद पडत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत पुढच्या यंत्रावर ठेवतात. 'ख' अचानक बंद पडले, तर ६ ते १० या नोंदी शोधणारा नियमाने 'ग' कडेच जातो, आणि प्रत तिथे आधीच असते. आता त्यांची एकच प्रत उरली. 'ग' ला काही होण्याआधी दुसरी करायला हवी. आणखी कोणत्या पाच नोंदींची प्रत 'ख' बरोबर गेली, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.